गुणांची बेरीज चुकतेय? आधी आकडे मोजा

दहावीच्या प्रॅक्टिकलला एक्सेलमध्ये गुणतक्ता केला, सूत्र बरोबर, तरी बेरीज कमी येते. कधी कधी एखाद्या घरात ४० ऐवजी चार आणि इंग्रजी 'ओ' टाइप झालेला असतो. संगणक त्याला अक्षर समजतो आणि 'सम' हे बेरजेचं सूत्र ते घर गुपचूप सोडून देतं. चूक झाली असं सांगतही नाही!

समजा, ४० मुलांचे गुण 'सी' स्तंभात दुसऱ्या ओळीपासून ४१व्या ओळीपर्यंत आहेत.

१. बाजूच्या रिकाम्या घरात बरोबरचं चिन्ह, 'काउंट' (आकडे असलेली घरं मोजणारं सूत्र) आणि कंसात सी-दोन, कोलन, सी-एक्केचाळीस असं इंग्रजीत लिहा.

२. उत्तर ४० आलं तर सगळे आकडेच आहेत. ३८ आलं तर दोन घरांत गडबड आहे. (गैरहजर मुलांपुढे 'एबी' लिहिलं असेल, तर तेवढे ४० मधून वजा धरा.)

३. आता स्तंभावरून नजर फिरवा. खरा आकडा उजव्या कडेला चिकटतो, अक्षर मानलेला डाव्या. तो खोडून पुन्हा टाइप करा. नुसतं फॉरमॅट बदलून 'नंबर' केलं तर एक्सेलमध्ये काही फरक पडत नाही, त्यात वेळ घालवू नका.

एक्सेल आणि लिब्रेऑफिस कॅल्क, दोन्हींत हे चालतं.

एक मात्र सांभाळा: तक्ता देखणा दिसावा म्हणून आकडे आधीच मधोमध आणू नका, डावं-उजवं कळणारच नाही. सजावट सगळ्यात शेवटी.