साल-चोथ्याचा ढीग लावू नका, निघाला तसा पसरा

मंडळी, हवा ढगाळ व्हायला लागलीय, आणि ज्यांच्याकडे डाळिंबाची साल, द्राक्षाचा चोथा, टोमॅटोचं साल-बी असला ओला माल निघतोय त्यांना एकच सांगणं, ढीग लावू नका. सालीतून अँटिऑक्सिडंट (तेल-अन्न हवेनं खराब होऊ न देणारे घटक) काढणाऱ्यांना माल द्यायचा म्हणून लोक साल जमवतात, कोपऱ्यात रचतात, वर ताडपत्री टाकतात, गाडी भरली की पाठवू म्हणतात. त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघा. गरम लागला तर माल हातचा गेला.

होतं काय, साल चिरडली की तिच्यातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम हवेच्या संपर्कात येतं आणि जे पॉलिफिनॉल, म्हणजे सालीतले अँटिऑक्सिडंट, विकायचे तेच खाऊन टाकतं, माल काळा पडतो तो यामुळंच. मागून बुरशी येते. द्राक्षाच्या चोथ्यात ऑक्रॅटॉक्सिन, सफरचंदाच्या चोथ्यात पॅटुलिन ही बुरशीची विषं तयार होऊ शकतात आणि ती नंतर वाळवून जात नाहीत, वरची बुरशी झटकून तर नाहीच नाही.

वाळवणीचं काम:
- निघाल्या दिवशीच पसरणे
- थर 1 ते 2 सेंमी, दिवसातून तीन-चारदा उलथणे
- ड्रायर असेल तर 50 ते 60 अंश
- ओलावा 10 टक्क्यांच्या आत
- गार झाल्यावरच हवाबंद पिशवीत, अंधारात

ओलावा मोजायचा मीटर 10 दाखवतो तेव्हाही डाळिंबाची जाड साल आतून ओली असू शकते, म्हणून माझा भरवसा मोडून बघण्यावर जास्त. कडकन तुटली तर भरा, वाकली तर परत पसरा. आणि वजन घटलं म्हणून घाबरू नका, 70 टक्के ओलाव्याचा 100 किलो चोथा वाळून 33 किलोच्या आसपासच राहणार.

टोमॅटोची साल उन्हात नको, तिच्यातलं लायकोपिन, म्हणजे लाल रंगाचं अँटिऑक्सिडंट, उजेडानं जातं. कांद्याचं बाहेरचं टरफल मुळात कोरडं आणि क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट तिथंच जास्त, काळी भुकटी (बुरशी) लागलेलं तेवढं बाजूला काढा. भाताच्या कोंड्याची गोष्टच वेगळी, गिरणीतून पडल्यापासून लायपेज हे एन्झाइम त्यातलं तेल खवट करायला लागतं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचा नाही, तिथंच गरम करून घ्यायचा.

आता दुकानदार. सालीतलं अँटिऑक्सिडंट वाढवतं म्हणून काढणीआधी मारायचं महागडं टॉनिक गळ्यात मारतील, ढिगात वाया जातंय तेवढं आधी वाचवा मग टॉनिकचं बघू. उलट फवारणीचा अंश सालीवरच बसतो आणि वाळल्यावर किलोमागं वाढतो, त्यामुळं लेबलवर काढणीआधी जेवढे दिवस थांबायला सांगितलंय तेवढं थांबा. अर्क काढायची मशीनही घेऊ नका. इथेनॉल-पाण्याचं मिश्रण लागतं, साधारण 50 ते 70 टक्क्यांचं, ते पेट घेतं, परवान्याची कटकट वेगळी. आपलं काम वाळवण्यापर्यंतच.

पाऊस लागला आणि ड्रायर नाही, तर 2-3 मिनिटं वाफ द्या, म्हणजे एन्झाइम मरतं, आणि पंख्याखाली पातळ पसरा. उकळत्या पाण्यात बुडवू नका, कामाचा माल पाण्यात उतरतो. वीजही नसेल तर त्या दिवशीचा माल सरळ कंपोस्टला, वाळलेल्या चांगल्या पिशव्यांत त्यातली मूठभरही मिसळू नका.