हळदीचे डाग आणि जर्मनीतले साबण: नवीन आलेल्यांसाठी

भारतातून येताना बॅगेत सर्फची पिशवी कोंबू नका, हे पहिलं. त्या जागेत गोडा मसाला आणा, सहा महिन्यांनी माझी आठवण काढाल. बादलीत कपडे भिजवायच्या पावडरीला फेस फार येतो आणि इथलं समोरून उघडणारं मशीन अगदी थोड्या पाण्यात कपडे धुतं. फेस वाढला की ते पुन्हा पुन्हा खळबळत बसतं, तरी कपड्यांत साबण राहतोच. शिवाय इथे साबणांची काही कमतरता नाही. डे-एम किंवा रोसमान या दुकानांत साबणांच्या फडताळासमोर पहिल्यांदा उभं राहिलं की उलट गरगरायलाच होतं.

डब्यावरची फुलं आणि हिमशिखरं सोडून द्या, प्रकार वाचा. 'फोलवाशमिटल' हा पांढऱ्या आणि पक्क्या फिक्या रंगाच्या कपड्यांसाठीचा सगळ्यात दणकट साबण. 'कलरवाशमिटल' रंगीत कपड्यांसाठी. 'फाइनवाशमिटल' नाजूक कपड्यांसाठी, डागांसमोर त्याचं फारसं चालत नाही. आणि 'वाइखश्प्यूलर' हा साबणच नव्हे, ते कपडे मऊ करणारं कंडिशनर आहे. बाटली हुबेहूब साबणाची, वास झकास, किंमत कमी. त्यामुळे नवी मंडळी नेमकी तीच उचलतात आणि महिनाभर न धुतलेले सुगंधी कपडे घालून ऑफिसला जातात.

आता मुद्द्याचं. फोलवाशमिटल घ्यायचंच तर पावडर घ्या, बाटली नको. पावडरीत सोडियम परकार्बोनेट असतं, म्हणजे ऑक्सिजन सोडणारं ब्लीच. पातळ साबणात ते टिकत नाही, म्हणून त्यात घालतच नाहीत. चहा, कॉफी, रेड वाइन, टोमॅटो, हळद हे रंगाचे डाग काढायला ब्लीचच लागतं. साध्या तेलकट डागांना पातळ साबणही पुरतो. कॅप्सूलचा डोस ठरलेला, कपडे थोडे असोत की ढीगभर. शिवाय महाग. मी त्यांच्या वाटेला जात नाही.

ब्रँडवरून फार डोकं शिणवू नका. हेंकेलचं पर्सिल १९०७ पासून बाजारात आहे आणि शेजारच्या जर्मन आजी त्याच्यापुढे दुसरं नाव घेऊ देणार नाहीत. साबण चांगला आहेच. पण श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही इथली ग्राहकांसाठी वस्तू तपासणारी संस्था वेळोवेळी साबण वापरून कपडे धुऊन बघते, आणि तिच्या चाचण्यांत आल्डी या स्वस्त सुपरमार्केटचं टांडिल किंवा डे-एमचं डेंकमिट अशा स्वस्त पावडरी महागड्यांच्या पंक्तीला बसलेल्या दिसतात. पातळ साबण मात्र पावडरींच्या मागेच राहतात.

किती पावडर घालायची ते पाण्यावर ठरतं. म्युनिक आणि बर्लिनचं पाणी बोअरसारखं जड आहे. किटली महिन्याभरात आतून पांढरी होते त्यावरून कळेलच. डब्यामागे पाण्याच्या जडपणाचा तक्ता असतो: ८.४ अंशांच्या (हे तापमानाचे नव्हेत, जडपणाचे) खाली मऊ, १४ पर्यंत मध्यम, त्यापुढे जड. आपल्या गावाचा आकडा पाणीपुरवठ्याच्या संकेतस्थळावर मिळतो. एकदा बघा, डब्यावर पेनने खूण करा आणि विसरून जा. जड पाण्यासाठी दिलेलं माप घातलंत तर पाणी मऊ करणारं कॅल्गॉन वेगळं विकत घ्यायची गरज नाही, असं माझं मत.

आणि ३० अंशांवर डाग निघत नाहीत म्हणून साबणाला शिव्या देऊ नका. पावडरीतलं ब्लीच ४० ला कामाला लागतं आणि ६० ला खरं भिडतं. टॉवेल, चादरी, पोळ्यांची फडकी, पांढरे बनियन ६० ला घाला. त्यात मशीनही आतून स्वच्छ होतं. कायम ३० वर धुणाऱ्यांच्या मशीनला कुबट वास येतो तो त्यामुळेच.

आता हळद. इथल्या कुठल्याच डब्यावर तिचं चित्र नाही. पांढऱ्या शर्टावर वरणाचा थेंब पडला की आधी चमच्याने वरचं काढून घ्या, चोळू नका. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून पहिल्यांदा भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब त्यावर जिरवा आणि पाच-दहा मिनिटांनी गार पाण्याने धुवा. मग साबण लावलात की पिवळा डाग एकदम लालभडक होईल. घाबरू नका, साबणातल्या क्षारामुळे हळदीचा रंग बदलतो, खळबळल्यावर परत पिवळा होतो. मग पावडर घालून ६० ला मशीन. तरीही फिकट पिवळी सावली उरतेच. तिला औषध एकच, ऊन. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. जूनमध्ये बाल्कनीत एका दुपारीत काम होतं. नोव्हेंबरात मात्र आठवडाभर शर्ट खिडकीत टांगून ठेवायची तयारी ठेवा. आणि डाग पुरता जाईपर्यंत तो शर्ट ड्रायरमध्ये अजिबात घालू नका, उष्णतेने डाग पक्का बसतो.

रंगीत कुर्त्यावर हळद पडली तर कलरवाशमिटलमध्ये ब्लीच नसतं, हे लक्षात असू द्या. त्यासाठी 'फ्लेकेनझाल्स' नावाची डाग काढायची पावडर मिळते, म्हणजे तेच ऑक्सिजन ब्लीच. आधी आतल्या शिवणीवर लावून बघा. ब्लॉक प्रिंटचे आणि निळीचे कपडे रंग सोडतात, ते सुरुवातीला काही वेळा वेगळेच धुवा.

इथली मला मनापासून आवडलेली वस्तू म्हणजे 'गालझाइफे'. एका कॉफीपेक्षा स्वस्त वडी. कॉलरचा मळ, तेल, तूप, लिपस्टिक, मुलांच्या गुडघ्यांवरचं गवत यांवर अगदी रामबाण. डाग ओला करा, वडी घासा, दहा मिनिटं थांबा आणि तसाच कपडा मशीनमध्ये टाका. पण शाकाहारी घरांसाठी सांगून ठेवते: यात गुरांचं पित्त असतं, चरबी सुटते ती त्याच्याच जोरावर. नको असेल तर वेष्टनावर 'वेगान' लिहिलेला डागांचा साबण शोधा, तोही मिळतो.

रक्त आणि दूध यांना कायम गार पाणी, गरम पाण्याने ते शिजून चिकटतात. चिखल ओला असताना हात लावू नका, वाळू द्या आणि ब्रशने झाडा. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याच्या पांढऱ्या रेषा पँटच्या काठाला येतात. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसलं की जातात.

पैठणी, रेशमी झब्बा, लोकरी स्वेटर यांना वरचं काहीही लागू नाही. पावडरीतली एन्झाइम्स प्रथिनांचे डाग तोडतात, आणि रेशीम-लोकर ही प्रथिनंच आहेत. लोकरीला 'वोलवाशमिटल' घ्या. पैठणीवर डाग पडलाच तर 'राइनिगुंग' म्हणजे ड्रायक्लीनरकडे न्या आणि जरीचं काम असल्याचं आधी सांगा. काउंटरवरच्या बाईंनी जरीची साडी पाहिलेली असेलच असं नाही.

शेवटी एक धोक्याचं. क्लोरीनचं ब्लीच इथेही मिळतं. ते व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. आणि इथली बरीच न्हाणीघरं खिडकीशिवायची असतात.