समुराईंचा चहा करताय? या चुका टाळा

पहिली चूक रुमालाची, आणि ती मीच केली. भांडी पुसायचा रेशमी फुकुसा ओबीत, म्हणजे किमोनोच्या कमरपट्ट्यात, डावीकडे खोचून मी समुराई परंपरेच्या जपानी चहा-समारंभाच्या वर्गात जाऊन बसले. आधी उरासेन्के या दुसऱ्या चहा-घराण्याची पद्धत शिकलेली, तिथे तसंच असतं. बाईंनी एक शब्द न बोलता तो काढला आणि उजवीकडे खोचला. समुराईची डावी कंबर तलवारीची. चहाघरात शिरताना तलवार बाहेर काढून ठेवावी लागते, तरी जागा तिचीच.

मूळ घोळ इथेच होतो. जपानी चहा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सोळाव्या शतकातला चहागुरू सेन नो रिक्यू याचा साधा, ओबडधोबड चहा येतो आणि तोच आपण सरदारांच्याही माथी मारतो. १५९१ मध्ये तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून रिक्यूला पोट चिरून घ्यावं लागलं. पुढे शिष्य फुरुता ओरिबे, मग कोबोरी एन्शू, मग कातागिरी सेकिशू यांचं नाव झालं. तिघेही दाइम्यो, म्हणजे जहागीरदार. पण तिघांचं एकत्र कडबोळं करू नका. ओरिबेला वाकडेतिकडे वाडगे आवडायचे, एन्शूला नेटकेपणा.

‘चहाघरात सगळे समान’ हे वाक्यही जपून वापरा. वाकून शिरायचं बुटकं दार असतं हे खरं. पण मानकऱ्यांसाठी उंच दाराची सोयही असे, आणि ओरिबेच्या एन-आन चहाघरात सोबतच्या सेवकांची बैठक वेगळी आहे.

आता हाताच्या चुका. चहा घुसळायची बांबूची कुंचली, म्हणजे चासेन, आपण सवयीने ताकाच्या रवीसारखी गोल फिरवतो. तसं नाही. मनगट सैल ठेवून ती पुढे-मागे भराभर हलवायची. साधारण दोन ग्रॅम माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, सत्तर मिलिलिटर पाणी. पाणी उकळतं नको, ऐंशी अंशांच्या आसपास. कडू झाला तर बहुधा पाणीच जास्त तापलेलं असतं. कोइचा, म्हणजे दाट चहा, मात्र घुसळायचाच नाही, हळूहळू घोटायचा. त्यात फेस नको.

गुठळ्या होतात? पूड आधी बारीक चाळणीतून काढा. तरीही होत असतील तर फ्रिजकडे बघा. गार डबा लगेच उघडला की आत दमटपणा धरतो, आणि आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. डबा बाहेर काढून ठेवा, खोलीइतका कोमट झाला की मगच झाकण उघडा.