वर्डमध्ये यादीची आकृती करताय? या चुका टाळा

वर्डमध्ये स्मार्टआर्ट, म्हणजे मुद्द्यांची तयार चौकटी-बाणांची आकृती करून देणारी सोय, २००७ च्या आवृत्तीपासून आहे. तरी प्रकल्प अहवालात, बचत गटाच्या माहितीपत्रकात अशा आकृत्या दिसतात की त्यापेक्षा साधी यादी बरी होती. मुद्द्यांचं एकमेकांशी नातं काय हे न ठरवता, दिसायला छान म्हणून आकृती निवडली जाते. सगळ्यात मोठी चूक हीच.

द्राक्षाचं घ्या. निफाड-दिंडोरीकडच्या बागेचं वर्ष म्हणजे एप्रिलची खरड छाटणी, काडी तयार होणं, ऑक्टोबरची गोडी छाटणी, विरळणी, काढणी, बागेला विश्रांती. त्यानंतर पुन्हा खरड छाटणीच येते, म्हणून इथे स्मार्टआर्टच्या ‘सायकल’ (चक्र) गटातली आकृती हवी. तीच द्राक्षं युरोपला पाठवायची तर बागेची नोंदणी, रेसिड्यू (औषधांच्या उरलेल्या अंशाची) तपासणी, काढणी, पॅकहाउस (माल भरण्याची जागा), प्रीकूलिंग (माल थंड करणं), कंटेनर हा रस्ता एकाच दिशेनं जातो. तिथे ‘प्रोसेस’ घ्या. गोल आकृती टाकलीत तर बाण कंटेनरकडून परत नोंदणीकडे जाईल आणि वाचणाऱ्याला चुकीचंच समजेल. थॉमसन, सोनाका, शरद ही नुसती वाणांची नावं असतील तर बाण कशालाच नकोत, ‘लिस्ट’ गट पुरे.

चौकटीत एकेक टाइप करू नका

पॉवरपॉइंटमध्ये यादी निवडून तिची थेट आकृती करता येते, वर्डमध्ये ती सोय नाही. इथे ‘इन्सर्ट’मधून स्मार्टआर्ट घ्यायचं, आकृतीच्या डाव्या कडेवरचा छोटा बाण दाबून टेक्स्ट पेन (मजकूर लिहायची बाजूची चौकट) उघडायचा, त्यातलं सगळं कंट्रोल-ए करून निवडायचं आणि कॉपी केलेली यादी पेस्ट करायची. आधी निवडलं नाही तर मूळच्या रिकाम्या चौकटी मागे राहतात. यादीतल्या रिकाम्या ओळीचीही चौकट होते, म्हणून त्या अगोदरच काढा. हातानं टाकलेले १, २, ३ सुद्धा काढा.

उपमुद्दा करायचा असेल तर टेक्स्ट पेनमध्येच टॅब दाबा. शिफ्ट-टॅबनं तो परत वर येतो. एंटर मारलं की नवी चौकट तयार होते. त्याच चौकटीत पुढची ओळ हवी असेल तर शिफ्ट-एंटर.

टेक्स्ट पेनमध्ये एखाद्या मुद्द्यापुढे लाल फुली दिसली तर त्या आकृतीत तेवढ्या चौकटी बसत नाहीत, असा अर्थ. दातेरी चाकांच्या आकृतीत तीनच मुद्दे मावतात. फाइल बंद करण्याआधी दुसरी आकृती निवडा, नाहीतर फुलीवाले मुद्दे जातात.

मराठी अक्षरं बिघडतात ती का?

जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी आकृतीत गेली की फॉन्ट सुटतो आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा उरतो. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

अक्षर फार बारीक होतंय? सगळ्यात लांब मजकुराची चौकट शोधा. तो मजकूर बसावा म्हणून वर्ड बाकीच्या चौकटींतलंही अक्षर लहान करतं. ‘निर्यातीसाठी बागेची नोंदणी करणे’ऐवजी ‘बागेची नोंदणी’ लिहा. तपशील खाली परिच्छेदात द्या, तो तिथेच नीट वाचला जातो. आकार हातानं बदलून घोळ झाला असेल तर ‘रीसेट ग्राफिक’ दाबा.

आकृतीची फक्त पट्टी दिसते

हे पाहून अनेकजण घाबरून आकृती पुसून टाकतात. ती शाबूत असते. त्या परिच्छेदाचं लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’वर असतं, ते ‘सिंगल’ करा.

जुन्या डॉक फाइलमध्ये काम

वर शीर्षकात ‘कंपॅटिबिलिटी मोड’ दिसत असेल तर नव्या आकृत्या मिळणारच नाहीत. ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘कन्व्हर्ट’ करून डॉकएक्स करा. उलट, तयार फाइल जुन्या स्वरूपात सेव्ह केली तर आकृतीचं चित्र होतं, मग त्यातला मजकूर बदलता येत नाही. म्हणून मूळ डॉकएक्स जवळ ठेवा आणि झेरॉक्सच्या दुकानात छपाईला पीडीएफच द्या.