घाट चढून तळ्याकडे सायकलने निघालात? या चुका टाळा

डोंगरातलं तळं खळग्यात असतं. साधीच गोष्ट, पण बहुतेकांची राइड इथेच फसते. घाटमाथा आला की वाटतं, झालं! पुढे तळ्यापर्यंत उतारच. मग काठावर निवांत बसणं, उरलेलं पाणी, उरलेलं खाणं संपवणं. आणि परत निघताना पहिल्याच पेडलला चढ, तोही पाय थंड पडलेले असताना. तळं माथ्यापासून 150 मीटर खाली आणि रस्ता 2 किलोमीटरचा असेल, तर तो सरासरी साडेसात टक्क्यांचा चढ झाला. माझ्या मांडीत गोळा आला तो घाट चढताना नाही, तर अशाच परतीच्या चढावर. सायकल हातात धरून वर आलो. आता भरलेली एक बाटली आणि थोडं खाणं परतीसाठी वेगळं ठेवतो, तळ्याकाठी त्याला हात लावत नाही.

दुसरी फसगत सरासरी चढाची. 10 किलोमीटरमध्ये 500 मीटर, म्हणजे 5 टक्के, जमेल असं वाटतं. पण मधले 2 किलोमीटर उताराचे असतील आणि तिथे 100 मीटर उंची गेली असेल, तर उरलेल्या 8 किलोमीटरमध्ये 600 मीटर चढायचे असतात. 5 चे साडेसात टक्के होतात. म्हणून नकाशावर उंचीचा आलेख बघा. पुढे 34 दात्यांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागच्या चाकाला 32 किंवा 34 दात्यांचं मोठं चक्र असेल, तर गुडघे वाचतात. गिअर चढ लागायच्या आधी बदला. पूर्ण जोर लावून बदलला की चेन उतरते आणि तीव्र चढावर पुन्हा सायकलवर बसणं अवघड होतं. तशी वेळ आलीच तर रस्ता रिकामा बघून तिरकं निघा.

उष्ण कटिबंधात दमटपणा जास्त दमवतो. अंग थंड होतं ते घाम सुकल्यामुळे, आणि दमट हवेत तो नुसता निथळतो. ताशी आठ-दहाच्या वेगाला वाराही लागत नाही. तासन्‌तास नुसतं पाणी पीत राहू नका, त्यात मीठ-साखर हवी.

दुपारनंतर ढग भरून येतात, म्हणून पहाटेच निघा. पाऊस झाला तर उतारावर फार जपा. झाडांच्या सावलीत रस्त्याच्या कडेला शेवाळ असतं, रंगाचे पट्टेही घसरडे होतात. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेवर दाबले जाणारे) ओले असतील तर आधी हलके दाबून पाणी पुसलं जाऊ द्या, मग जोर लावा. संपूर्ण उतारभर ब्रेक धरून ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रिम तापते, ट्यूब फुटू शकते. वळणाआधी नीट दाबा, वळणात सोडा. डिस्क ब्रेकचा लिव्हर मऊ लागू लागला तर थांबून ते निवू द्या, वरून पाणी ओतू नका. घामाने भिजलेल्या जर्सीत उतरताना बोटं बधिर होतात, ब्रेक हवा तसा दाबता येत नाही. पातळ विंडचीटर खिशात असू द्या.

विषुववृत्ताजवळ वर्षभर सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि लगेच अंधार होतो. दरीत तर त्याआधीच. माघारी फिरायची वेळ घरातूनच ठरवून निघा. मागचा दिवा सकाळपासून लावलेलाच ठेवा, कारण रस्ता ढगात शिरला की भर दुपारीही मागून येणाऱ्या गाडीला सायकल दिसत नाही.