पाइप टाकताना पुढच्या वायरचा विचार करा

वायरिंगचा पाइप एकदा भिंतीत बुजला की बदलता येत नाही, वायर मात्र कधी ना कधी बदलावी लागते. म्हणून २० मिमीने भागत असेल तरी २५ मिमीचा घ्या. पाइपच्या आतली साधारण ४० टक्केच जागा वायरींनी भरावी. दाटीवाटीने कोंबलेल्या वायरी तापतात.

खरी गोम वळणात असते. आखूड काटकोनी एल्बोत, म्हणजे कोपऱ्यावरच्या जोडात, वायर अडते, जोर लावला की इन्सुलेशन सोलवटतं. त्यापेक्षा लांब बेंड वापरा, किंवा पीव्हीसी पाइपमध्ये स्प्रिंग घालून तो सावकाश वाकवा. स्प्रिंग नसेल तर वळणावर पाइप चपटा होतो. स्विचच्या किंवा जोडणीच्या दोन बॉक्सांच्या मध्ये चार काटकोनांहून जास्त वळणं नकोत. मला तर तीनही जास्त वाटतात.

स्लॅबमध्ये जाड, हेवी पाइपच टाका, काँक्रीट ओतताना माणसं त्यावरूनच चालतात. सांधे सोल्युशनने चिकटवा आणि तोंडं बंद करा, नाहीतर सिमेंटचं पाणी आत शिरून घट्ट बसतं. कापलेल्या टोकाची आतली धार कानशीने घासायला विसरू नका.

प्लास्टरआधी प्रत्येक पाइपमधून तार ओढून पाहा. अडकली, तर तेव्हाच फोडून दुरुस्त करा.