पिल्लाची लस आणि पोटातले जंत: या चुका टाळा

पाच-सहा आठवड्यांचं मांजरीचं पिल्लू तळहातावर घ्या. आधी पाठीवरून बोट फिरवा, मग पोटाखालून. मणके बोटाला टोचतायत, केस राठ झालेत आणि पोट मात्र ढोलकीसारखं ताणलेलं आहे, तर ते बाळसं नाही. बहुतेक वेळा ते जंत असतात. असं पहिलं पिल्लू माझ्याकडे आलं तेव्हा मी त्याला गुटगुटीत म्हणाले होते. चौथ्या दिवशी त्याने उलटी केली आणि त्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारखे, वळवळणारे गोल जंत होते. दोन दिवसांनी लस द्यायची ठरली होती.

अशा वेळी लोक दोन टोकं गाठतात. काहीजण जंतांकडे काणाडोळा करून लस उरकतात, तर काहीजण "आधी जंत पूर्ण जाऊ देत" म्हणत लस महिनाभर लांबवतात. दुसरी चूक मला जास्त धोक्याची वाटते, कारण पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू तोवर थांबत नाही. हा मांजरांचा जीवघेणा आजार आहे आणि ही लस त्यापासून वाचवते.

जंत आणि प्रतिकारशक्तीचा संबंध खराच आहे. लस म्हणजे शरीराला दिलेला सराव, आणि त्यासाठी लागणारी प्रथिनं पिल्लाच्या आहारातूनच येतात. त्या आहारात जंत वाटेकरी होतात. शिवाय जंत असले की प्रतिकारशक्तीचा कल जंतांशी लढण्याकडे झुकतो आणि विषाणूंशी लढणारी बाजू मागे पडू शकते. उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलं आहे. पण म्हणून जंत असलेल्या पिल्लाला दिलेली लस वायाच जाते, असं समजू नका. पिल्लू खेळतंय, खातंय, ताप नाही, तर जंतांचं औषध सुरू करून लस वेळेवर द्यावी. आठवडाभर आधी औषध देता आलं तर उत्तम. ताप आहे, पिल्लू मलूल आहे, हिरड्या पांढुरक्या पडल्यात, तर मात्र आधी उपचार. लस कधी द्यायची हे मग डॉक्टरांना ठरवू द्या.

"एकदा औषध दिलंय की!"

सगळ्यात जास्त पिल्लं इथे अडकतात. गोल जंतांच्या अळ्या आईच्या शरीरात सुप्त पडून असतात आणि पिल्लं झाल्यावर दुधातून त्यांच्या पोटात जातात. त्यामुळे आईच्या शी-तपासणीत काही सापडलं नाही म्हणून पिल्लं सुटली असं होत नाही. नेहमीचं औषध आतड्यातले मोठे जंत मारतं. शरीरात फिरणाऱ्या अळ्या बहुधा वाचतात आणि पुढे मोठ्या होतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून दर 2 आठवड्यांनी औषध द्यायचं, दूध सुटल्यावर आणखी 2 आठवड्यांपर्यंत. मग 6 महिन्यांचं होईतो दर महिन्याला. दूध पाजणाऱ्या आईलाही त्याच वेळी द्या. आणि दर वेळी पिल्लाचं वजन करा. या वयात आठवड्याला साधारण 100 ग्रॅम वाढ होते, त्यामुळे मागच्या वेळचा डोस आज कमी पडतो.

औषधानंतर एक-दोन दिवस शीमध्ये जंत दिसले तर घाबरू नका, ते बाहेर पडतायत. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो चपटा जंत. तो बहुधा पिसवांमधून येतो आणि त्याचं औषध वेगळं असतं. पिसवा गेल्या नाहीत तर तोही परत येतो. मात्र कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका. झटके येऊन जीव जाऊ शकतो.

लस मध्येच सोडणं

जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईच्या चिकातून पिल्लाला तयार प्रतिपिंडं मिळतात. तीच पुढे काही आठवडे लसीलाही निष्प्रभ करतात. ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, अगदी एकाच विणीतल्या दोघांचंही. म्हणून 6 ते 8 आठवड्यांपासून दर 3-4 आठवड्यांनी डोस, आणि शेवटचा 16 आठवडे पूर्ण झाल्यावर. 6 महिन्यांच्या सुमारास आणखी एक दिला की उरलेली फट बुजते. लस घेऊनही पिल्लू आजारी पडलं की लोक जंतांना किंवा लसीला दोष देतात. मी पाहिलेल्या बऱ्याच पिल्लांचा शेवटचा डोसच राहिलेला होता. रेबीजची लस वेगळी असते, ती साधारण 12 आठवड्यांनंतर देतात.

प्रत्येक जुलाब म्हणजे जंत नव्हे

जंतांचं औषध देऊन वाट बघत बसणं कधीकधी फार महागात पडतं. उलट्या, जुलाब, खाणं बंद, पाण्याच्या भांड्याजवळ मान टाकून बसलेलं पिल्लू, हे पॅनल्यूकोपेनियाचं चित्र आहे. त्यात पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात. हे दिसलं तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिल्लू हसतं-खेळतं आहे पण जुलाब थांबत नाहीत, तर जिआर्डिया किंवा कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी असू शकतात. गोल जंतांच्या नेहमीच्या औषधाने ते जातीलच असं नाही. ताजी शी तपासायला न्या, आणि एकदा काही सापडलं नाही तर पुन्हा न्या, कारण हे परजीवी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत.

घरात पॅनल्यूकोपेनिया होऊन गेला असेल तर विषाणू कानाकोपऱ्यात वर्षभरही टिकू शकतो. नवीन पिल्लू आणायचं तर त्याचे डोस पूर्ण झाल्यावरच आणा.